गुलाल पडलेल्या तलंगा

माझ्या सासूबाईंच्या मालकीची घरात एकच गोष्ट होती, ती म्हणजे कोंबड्या. जमीन मामांच्या नावावर, डेअरीतलं दुधाचं खातं मामांच्या नावावर, कांद्याच्या विक्रीची पट्टी मामांच्या खिशात. घर मामांच्या वडिलांनी बांधलेलं, आणि हे मामा वर्षातून दोनचार वेळा तरी ऐकवायचे. आमच्या भागात सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात, म्हणून मामा म्हणजे माझे सासरे. कोंबड्या मात्र आत्यांच्या. अंड्यांवर त्यांची दाताला लावायची भाजक्या तंबाखूची मिश्री यायची, बांगड्या यायच्या, बहिणीकडे जायला एसटीचं तिकीट निघायचं. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात, चुलीपुढे बसून त्यांनी मला सांगितलं, "नवऱ्याम्होरं हात पसरायची येळ मी माज्यावर येऊ दिली न्हाई. तू बी येऊ देऊ नगं." मला ते फार आवडलं. त्यासाठी कोंबड्यांमागे धावावं लागतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

मी ओतूरची, बाजारपेठेत दुकानाच्या मागे वाढलेली. कोंबडीशी माझी ओळख ती रश्श्यात आल्यानंतरचीच. लग्न होऊन खोडदच्या अलीकडच्या वस्तीवर आले ते नव्वदीच्या मध्यावर. शेतापलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या जाळीच्या मोठ्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असायच्या. त्यांना म्हणे लांबच्या ताऱ्यांचं ऐकू येतं. आमच्या अंगणातला कालवा त्यांना ऐकू जात नसणार, नाहीतर कुणीतरी तक्रार घेऊन नक्की आलं असतं. आमचे हे भोसरीला कंपनीत, आठवड्याला घरी येणार. घरात कुणाची बाजू घ्यायची वेळ आली की यांची सुट्टी बरोबर संपायची.

मामांना बैलगाड्याचा नाद. घाटात, म्हणजे शर्यतीच्या त्या चढावर, पळवायला त्यांनी दोन पांढरे बैल पाळले होते. त्या बैलांनी नांगर पाहिला असेल तो रस्त्यावरून जाता जाता. कामाचे बैल वेगळे, ते कडबा खायचे. या दोघांना दूध, उडदाची डाळ आणि अंडी. आता अंडी कुणाची? मामा गोठ्याकडे जाता जाता खुराड्यात हात घालायचे, दिसतील ती अंडी उचलायचे, दुधात फेटायचे आणि बांबूच्या नळीने बैलाच्या घशात सोडायचे. विचारायची पद्धतच नव्हती. आत्या दारातून बघायच्या, चडफडायच्या आणि बोलायच्या मला, कारण मी हाताशी असायचे. नवऱ्याकडे काही मागायचं नाही, तसं नवरा नेतो त्याला आडवंही जायचं नाही, असा त्यांचा हिशेब होता. मला त्यातलं पहिलं पटायचं, दुसऱ्याचा राग यायचा.

एका हिवाळ्यात मानमोडीचा रोग आला आणि आत्यांच्या सगळ्या कोंबड्या गेल्या. उरली एक म्हातारी, तिनं अंडी देणं कधीच सोडलं होतं. आत्या दोन दिवस धड जेवल्या नाहीत. मग त्या उठल्या, महाळुंगे पडवळला आपल्या माहेरी गेल्या आणि भावाकडून सहा तलंगा डाल्यात घालून एसटीने घेऊन आल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. गुबगुबीत, शांत, कवड्या रंगाच्या, म्हणजे अंगभर ठिपके असलेल्या. जणू माहेरचा सगळा चांगुलपणा त्या डाल्यात भरून आला होता.

माझ्या आईला हे कळलं. विहिणीपुढे कमी पडायचं नाही म्हणून तिनंही ओतूरच्या बाजारात तीन तलंगा घेतल्या. पश्चिमेच्या डोंगरातल्या बाया विकायला आणतात तशा, सडपातळ, लांब पायांच्या, नजर कावरीबावरी. त्यातली एक काळी, बोडक्या मानेची. डाल्याचं झाकण काढल्याबरोबर ती आत्यांच्या डोक्यावरून उडून शेवग्यावर जाऊन बसली.

"तुज्या माह्यारची दिसतीच हाय," आत्या म्हणाल्या.

सुरुवातीला दोन्ही टोळ्यांत रोजची खेचाखेची झाली. एकमेकींच्या छातीला छाती लावून उभं राहायचं, माना फुगवायच्या, दाण्यावरून हुसकायचं. आत्या म्हणाल्या, कोण थोरली कोण धाकटी हे ठरेस्तोवर असंच चालायचं. आठपंधरा दिवसांत ठरलंही. काळी सगळ्यांची थोरली झाली. मनातून मला बरं वाटलं.

मग शेजारच्या गावाची यात्रा आली आणि मामांचा गाडा घाटात पहिला बसला.

मामा घरी आले ते हलगी वाजवत, गुलालात न्हालेले. बैल गुलाबी, ट्रॅक्टर गुलाबी, दाराची चौकट गुलाबी. आत्यांच्या कपाळावर, माझ्या डोक्यावर, पाण्याच्या हंड्यात, सगळीकडे गुलाल. "घरातलं कुनी ऱ्हायलं न्हाय पायजे," असं म्हणून त्यांनी अंगणातल्या डाल्यावरही दोन मुठी उधळल्या. डाल्यात महाळुंग्याच्या सहा जणी झाकलेल्या होत्या. माझ्या तिघी डोंगराच्या सवयीप्रमाणे शेवग्यावर बसलेल्या होत्या, त्यांच्यावर काही पडलं नाही. त्या वेळी याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे खुशीत होते, मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात रक्त. कवड्यांपैकी सगळ्यात गरीब होती तिच्या पाठीवर, शेपटाच्या बुडाशी पिसं उपटलेली, कातडी सोललेली. काळी तिच्या मागे आणि बाकीच्या काळीच्या मागे. आत्यांनी झाडू घेऊन सगळ्यांना पांगवलं. झाडू फिरला की पांगायच्या, झाडू ठेवला की परत त्याच.

"माज्या भावाच्या घरची जनावरं," आत्या मला म्हणाल्या, "अशी कधी कुनाच्या अंगावर ग्येली न्हाईत. ही तुज्या आईची डोंगरातली टोळी."

"आत्या, तुमच्या कवड्यासुद्धा एकमेकींना टोचतात. बघा ना."

"त्यांला आता तुज्यांनीच शिकवलंय."

मला इतका राग आला की त्या दिवशी मी भाकरी मुद्दाम जाड थापल्या.

मग उपाय सुरू झाले. काळीला शिक्षा म्हणून डाल्याखाली एकटीला कोंडलं. संध्याकाळी सोडलं तर ती दुप्पट जोराने निघाली. तिच्यावर पाणी मारलं, तिनं अंग झटकलं आणि कामाला लागली. आत्यांनी शेवटी मामांच्या बैलाच्या माळेतलं एक घुंगरू काढून काळीच्या पायात बांधलं. हेतू असा की ही येतेय हे गरीब कवडीला लांबून कळावं. ते कळलं. घुंगरू वाजलं की सगळ्या पळायच्या आणि काळी एकटीच निवांतपणे सगळे दाणे खायची. चार दिवसांत ती चांगली जड झाली.

मामांना घुंगरू ओळखू आलं तेव्हा मोठा तमाशा झाला. "घाटात पळणाऱ्या बैलाचं घुंगरू कोंबडीच्या पायात? लोक काय म्हंतील, राव?" लोकांना त्यातलं काही माहीत नव्हतं, पण मामांच्या डोळ्यांपुढे लोक कायम उभेच असायचे. त्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला. "ह्या दाना खात्यात, अंडं देत न्हाईत, वर रक्त काढत्यात. आपल्या यात्रेला पावणं येनार हायेत. समद्या कापू. लई झालं."

आत्या उठल्या. आत जाऊन त्यांनी मिश्रीचा डबा काढला, चिमूटभर मिश्री दाताला लावली आणि बोट तोंडात ठेवून भिंतीकडे बघत बसल्या. त्या रागावल्या की असंच करायच्या. तोंडात मिश्री असली की माणसाला बोलता येत नाही, ही त्यांच्या संसाराची मोठी सोय होती. मी डब्यात डोकावले, तळाला थोडीच मिश्री उरली होती.

"मामांना सांगा ना तंबाखू आणायला," मी म्हटलं.

त्यांनी बोट तोंडातून न काढता मान हलवली. नाही म्हणजे नाही. तेव्हा माझ्या नीट लक्षात आलं. तलंगा रश्श्यात गेल्या तर नुसत्या तलंगा जाणार नव्हत्या. या बाईला इथून पुढे मिश्रीसाठी, बांगडीसाठी, बहिणीच्या गावाच्या तिकिटासाठी त्या माणसापुढे उभं राहावं लागणार होतं. ते त्यांच्याच्यानं झालं नसतं, हे मला कळत होतं. माहेरावरून आलेला माझा राग तिथंच अर्धा उतरला.

आणि मग मामांचा अंगठा मध्ये आला. सकाळी मामा ओट्यावर पाय सोडून चहा पीत बसले होते. शर्यतीचा गुलाल मामा मुद्दाम घासून काढायचे नाहीत, मिरवायचे. त्यांच्या टाचांच्या भेगांत आणि नखांत तो अजून तसाच होता. काळी घुंगराचा आवाज करत आली, मान वाकडी करून तिनं अंगठ्याकडे नीट पाहिलं आणि हाणली चोच. मामा बशीसकट उडाले. ते परत बसले तर दुसऱ्या पायाला दुसरी. मागून कवड्याही धावल्या, महाळुंग्याच्या, त्या शांत म्हणतात त्या. मामा पाय वर घेऊन ओरडत होते आणि मी दारात हसून हसून खाली बसले होते. हसता हसताच मला ते दिसलं. कवड्यांच्या पाठीवरही गुलाबी, मामांच्या नखातही गुलाबी. टोचतात त्या फक्त तिथंच. माझ्या तिघी कोऱ्या होत्या, म्हणून त्यांना कुणी हात लावत नव्हतं.

"आत्या! भांडण माहेरचं नाही. गुलालाचं आहे!"

आत्यांनी कवड्यांकडे पाहिलं, मामांच्या पायांकडे पाहिलं. "मी तरी आदीपासनं काय म्हनत व्हते," त्या म्हणाल्या. त्या आधीपासून काय म्हणत होत्या ते मला पाठ होतं. पण दुपारी माझ्या भाकरीवर लोण्याचा एवढा मोठा गोळा पडला, तो मी मुकाट्याने खाल्ला.

गुलाल धुवायला घेतला ही आमची दोघींची चूक. गुलाल पाण्याने जात नाही, तो पसरतो. कोमट पाण्याच्या घमेल्यात एकेकीला धरून आम्ही चोळलं, आणि आधी ज्या फक्त पाठीवर गुलाबी होत्या त्या गळ्यापासून शेपटापर्यंत गुलाबी झाल्या. वर त्या गरीब कवडीची जखम लाल. काळीला तर यात्राच भरल्यासारखं झालं. आम्ही दोघी ओल्या लुगड्यासाडीनं अंगणात उभ्या होतो, आणि त्या वेळी मला पहिल्यांदा आत्या माझ्याच वयाच्या वाटल्या.

मग आत्या आत गेल्या आणि मिश्रीचा डबा घेऊन बाहेर आल्या. तळाशी होती ती सगळी मिश्री त्यांनी वाटीत ओतली आणि त्यात खोबरेल कालवलं.

"आत्या, मग तुम्हाला?"

"धर ती कवडी."

आम्ही सहाही जणींच्या पाठी काळ्या केल्या. जखमेवर आत्यांनी जाड थर दिला. काळी वाटच बघत होती. तिनं पहिली चोच मारली आणि थांबली. मान झटकली, चोच मातीत घासली, दुसऱ्या बाजूनं येऊन परत मारली, परत मातीत घासली. मिश्री किती कडू असते हे मला ठाऊक आहे, नवी सून म्हणून मलाही एकदा लावायला लावली होती. तिसऱ्यांदा काळी गेलीच नाही.

जखमवाली आम्ही अंगणातच डाल्याखाली ठेवली, म्हणजे ती सगळ्यांना दिसत राहील, परकी वाटणार नाही, पण कुणाची चोच पोचणार नाही. चोचींना काहीतरी काम हवं म्हणून शेवग्याच्या फांदीला कोबीचा गड्डा सुतळीने टांगला. दिवसभर त्या गड्ड्याला उड्या मारून टोचत बसायच्या. घुंगरू काढून बैलाच्या माळेत परत गेलं. कवडीच्या जखमेवर खपली धरली, पुढे तिच्यावर बारीक पिसं फुटायला लागली.

तलंगा शांत झाल्या आणि आत्या बिघडल्या. बारा-तेरा वर्षांच्या असल्यापासून मिश्री लावणारी बाई, एकदम बंद. भांडी आपटायची, म्हशीला शिव्या, मला शिव्या, दुर्बिणीच्या तबकड्यांनाही शिव्या. मामा मला हळूच विचारायचे, "हिला झालंय काय?" मी म्हणायचे, तुम्हीच विचारा. मामांना बैलाच्या पोटात काय दुखतं ते डोळे बघून कळायचं, बायकोचा मिश्रीचा डबा रिकामा झालाय हे काही कळलं नाही. आणि निकाल त्यांनी काही मागे घेतला नव्हता. "शांत झाल्या तर बरंच हाय, धरायला सोप्या," असं म्हणायचे.

यात्रेच्या सकाळी अंगण पाहुण्यांनी भरलं. मामांचे सगळे गाड्यावाले सोबती, फेटे बांधून, चहा पीत. मामांनी सुरीला धार लावून ठेवली होती. आत्या चुलीपुढे बसल्या होत्या, आणि डोळे धुराने लाल झालेत असं मला सांगत होत्या. तेवढ्यात मामा गोठ्यातून आले, हात उंच धरून.

"बघा रं! बैलाच्या गव्हाणीत अंडं! आज गाडा पयलाच बसनार."

लहानसं, बदामी रंगाचं, पहिलटकरणीचं अंडं. मागून काळी गोठ्यातून ओरडत बाहेर आली, सगळ्या गावाला सांगत. मामांनी दुधाचा तांब्या मागवला आणि अंडं तांब्याच्या काठावर फोडायला हात उचलला.

"ठिवा त्ये." आत्या दारात उभ्या होत्या.

मामा थांबले. "का?"

"अंडं कुनाचं हाय?"

"कोंबडीचं!" मामा म्हणाले आणि पाहुणे हसले.

"आन् कोंबडी कुनाची?"

हसणं थांबलं. मामांनी इकडे तिकडे पाहिलं. "आता ह्ये पावण्यांम्होरं कशाला?"

"पावण्यांम्होरंच. इतकी वर्सं न्येली, येकदा बी इच्यारलं न्हाई. मी बी बोलले न्हाई. आज इच्यारा."

मला भीती वाटत होती आणि आनंदही होत होता. आजही मला वाटतं, त्या दिवशी आत्यांच्या तोंडात मिश्री असती तर त्या नेहमीसारख्या भिंतीकडे बघत गप्प बसल्या असत्या. ती सगळी मिश्री कोंबड्यांच्या पाठीवर होती, म्हणून तोंड मोकळं होतं.

मामांचा चेहरा फेट्यापेक्षा लाल झाला. ते अंड्याकडे बघत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "घ्यू का?"

"काय?"

"अंडं घ्यू का, म्हनलं."

"घ्या," आत्या म्हणाल्या. "आन् माज्या तलंगांस्नी सुरी लावायची न्हाई."

पाहुण्यांतला एक म्हातारा गाड्यावाला सगळ्यात आधी हसला, मग सगळेच हसले, आणि शेवटी मामांनाही हसावं लागलं. त्या दिवशी नारायणगावातून बॉयलर कोंबडी आणली. "बॉयलर हाय व्हय?" म्हणत पाहुण्यांनी ती दोन दोन वेळा वाढून घेतली. गाडा तिसरा बसला. मामांचं म्हणणं, एकच अंडं होतं, कमी पडलं.

पुढे काळी रोज अंडं द्यायला लागली आणि भांडायला तिला सवडच उरली नाही. आठवड्याभरात सगळ्या अंड्यावर आल्या. पहिल्या अंड्यांतून आत्यांनी मिश्री आणली आणि घरात पुन्हा शांतता झाली. मामा खुराड्यापाशी येऊन खाकरायचे, "घ्यू का?" म्हणायचे, आत्या आतून "दोनच घ्या" म्हणायच्या. कधीकधी त्या मुद्दाम उत्तर द्यायला वेळ लावायच्या. मामा तिथं तसेच उभे राहायचे, आणि मी आत हसू दाबून भांडी घासत असायचे.

पुढे बऱ्याच वर्षांनी, मोबाइल घरोघर आले त्या सुमारास, नणंदेच्या बाळंतपणाला आत्या पुण्याला गेल्या आणि दोनेक महिने तिकडेच राहिल्या. तेव्हा मामांकडे त्या दोघांतला एकच बैल उरला होता. म्हातारा, घाट कधीच सुटलेला, पण अंड्याची सवय काही सुटली नव्हती. कोंबड्या काळीच्या नाती-पणती.

एका सकाळी मी पडवीत कांदे निवडत होते. मामांना मी दिसत नव्हते. ते खुराड्यापाशी उभे होते, सुट्टीवर आलेल्या आमच्या यांचा मोबाइल हातात लांब धरलेला, आणि खोडदपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलत होते.

"आगं, तीन हायेत. घ्यू का?"

पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. रेंज गेली असं मला वाटलं. मग आत्यांचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट.

"येकच घ्या."

मामांनी मोबाइल खिशात ठेवला. दोन अंडी आधीच त्यांच्या हातात होती. त्यांनी त्यातलं एक वाकून परत आत ठेवलं, त्याच्यावर पेंढा नीट सारला, आणि दुसरं घेऊन ते गोठ्याकडे गेले.